मुखेभातापासून पहिल्या पावलापर्यंत

बंगालीत ‘मुखेभात’ आणि मराठीत उष्टावण म्हणून ओळखला जाणारा अन्नप्राशनाचा सोहळा कोलकात्यातील घरांत साधारणपणे बाळाच्या सहाव्या महिन्याच्या आसपास होतो, आणि त्या दिवशी मामा भाच्याला मांडीवर घेऊन पायसाचा, म्हणजे तांदळाच्या खिरीचा, पहिला घास भरवतो. या वयाची निवड शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य आहे, कारण घास गिळण्यासाठी मान स्थिर राहावी लागते, आधाराने बसता यावे लागते आणि तोंडात आलेली वस्तू जिभेने बाहेर ढकलण्याची जन्मजात प्रतिक्रिया ओसरलेली असावी लागते. जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिने पूर्ण झाल्यावरच वरचे अन्न सुरू करण्यास सांगते.

शरीराच्या हालचालींवर मेंदूचा ताबा येत जाण्याच्या प्रक्रियेला कारक विकास म्हणतात. हा ताबा डोक्याकडून पायांकडे आणि धडाकडून बोटांकडे सरकत जातो, म्हणून बाळ तीन-चार महिन्यांत मान धरते, मग पालथे पडू लागते, मग बसते आणि सर्वांत शेवटी पायांवर उभे राहते. आधी सगळ्या मुठीने वस्तू ओढून घेणारे तेच बाळ नऊ-दहा महिन्यांचे झाले की अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत जमिनीवर सांडलेला मुरमुरा नेमका उचलते. याच काळात जन्माचे वजन पाच महिन्यांच्या सुमारास दुप्पट आणि वर्षअखेरीस तिप्पट होते, तर सुमारे ५० सेंटिमीटरची लांबी ७५ सेंटिमीटरपर्यंत जाते.

वाढ आणि हालचाल यांचा संबंध मात्र वाटतो तितका सरळ नाही. नवजात बाळाला काखांत धरून त्याचे तळवे जमिनीला टेकवले, तर ते पावले टाकल्यासारखे पाय हलवते आणि दोनेक महिन्यांत ही हालचाल नाहीशी होते. मेंदू परिपक्व होऊ लागल्यामुळे ती दबते, असे दीर्घकाळ मानले जात असे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळांचे पाय पाण्यात सोडून पाहिले, तेव्हा पायांचा भार हलका होताच पावले वाढली. पायांवरची चरबी स्नायूंच्या ताकदीपेक्षा लवकर वाढते, एवढेच त्यामागचे कारण होते. याचा अर्थ असा की, विकास केवळ मेंदूच्या वेळापत्रकाने ठरत नाही. अंगाचे वजन, स्नायूंची ताकद आणि हालचालीला मिळणारी मोकळीक यांचाही त्यात वाटा असतो.

त्यामुळेच एखादा टप्पा अमुक तारखेला यावा, ही अपेक्षा चुकीची ठरते. भारतासह पाच देशांतील ८१६ बाळांच्या नोंदींवरून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वयाच्या ज्या मर्यादा जाहीर केल्या, त्यांनुसार आधाराविना बसणे ३.८ ते ९.२ महिन्यांत आणि स्वतंत्र चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांत केव्हाही आले तरी ते स्वाभाविकच आहे. बंगाली देवघरांत ‘नाडूगोपाल’, म्हणजे एका हातात लाडू घेऊन रांगणारा बाळकृष्ण, हटकून आढळतो आणि मराठी देव्हाऱ्यातला बाळकृष्णही रांगताच असतो; पण याच अभ्यासातील सुमारे ४ टक्के बाळे हातगुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत आणि तरीही चालू लागली.

भारतीय बाळांना परदेशी मापे जशीच्या तशी लावू नयेत, हा विचार या देशात लवकर झाला आणि त्यात प्रमिला फाटक यांचे काम पायाभूत आहे. अमेरिकेतील नॅन्सी बेली यांच्या चाचणीच्या आधारे त्यांनी बडोद्यात भारतीय बाळांची प्रमाणे निश्चित केली. त्यांतूनच ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी ६७ कारक आणि १६३ मानसिक कसोट्यांची मापनश्रेणी आकाराला आली. बडोद्याच्या प्रमाणांतूनच पुढे १७ कसोट्या निवडून त्रिवेंद्रमचा सुटसुटीत तपासणी तक्ता तयार झाला, आणि देशभरातील बालरोगतज्ज्ञ तो वापरतात.

घराने करायचे ते थोडके आहे, पण महत्त्वाचे आहे. उंच पलंगावर किंवा सतत कडेवर राहणाऱ्या बाळाला जोर लावायला जागा मिळत नाही. मेदिनीपूरकडील गवती मादूर, म्हणजे चटई, जमिनीवर अंथरून जागेपणी, कोणाच्या तरी नजरेखाली, त्याला दिवसातून अनेकदा पालथे ठेवले तर मान, खांदे आणि पाठ बळकट होतात. थंडीत एकावर एक लोकरी कपडे चढवण्याची कोलकात्याची सवय मायेची असली, तरी रांगण्याच्या वयात ते कपडे हातपाय अडवतात. चाकांचा वॉकर मात्र घरात आणूच नये, कारण त्याने चालणे लवकर येत नाही आणि अपघात होतात. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

टप्प्यांना मोकळीक असली तरी काही लक्षणांत वाट पाहणे अहिताचे ठरते: चार महिने होऊनही मान न धरणे, मुठी सतत घट्ट मिटलेल्या असणे, वर्षाच्या आतच एकच हात वापरणे आणि एकदा आलेली कृती नाहीशी होणे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे, पण त्याची तपासणी अधिक काटेकोरपणे करावी. मेंदूच्या पक्षाघातासारखी स्थिती लवकर ओळखली, तर योग्य व्यायाम आणि धरण्या-बसवण्याच्या पद्धती यांनी बाळाला बरेच साध्य करता येते. कोलकात्यात सुधा कौल यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये सुरू झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी हेच काम करत आली आहे. अशी शंका आलेल्या पालकांनी ‘काही मुले उशिरा शिकतात’ या शेजारच्या दिलाशावर महिने घालवू नयेत. त्याच आठवड्यात बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.