बाणाचं पातं आणि रक्ताचा माग

बसा पोरांनो, ऐसपैस बसा, कंदिलाची वात जरा मोठी करा. आजची गोष्ट शिकारीची असली तरी वाघा-बिबट्याची नाही. ती आहे बाणाच्या टोकावरच्या बोटभर पात्याची, आणि त्या पात्यापायी घायाळ जनावर सापडतं की रानात हरवतं, त्याची.

बंदुकीच्या गोळीचा तडाखा मोठा, ती हाडं फोडत जाते. बाण बिचारा हलका, वेगही गोळीपुढं काहीच नाही, म्हणून बरगडीत बाण शिरला तरी हरीण जागच्या जागी पडत नाही. उधळतं, झाडीत घुसतं आणि दिसेनासं होतं. बाणाचं सगळं काम धारेवर. आतल्या रक्तवाहिन्या कापल्या जातात, रक्त वाहून जातं, मेंदूला पुरेनासं होतं, मग जनावर कोसळतं. आणि तोवर ते कुठवर गेलं, हे सांगायला मागं राहतात फक्त पाल्यावर पडलेले रक्ताचे थेंब.

आता शरीराची करामत बघा. लखलखीत धारेच्या विळीनं बोट कापलं तर रक्त किती वेळ थांबत नाही, आणि खडीवर पडून गुडघा फुटला तर थोड्याच वेळात खपली धरते, हे तुम्ही सगळ्यांनी अनुभवलंय. रक्तवाहिनी चिरडली किंवा ओढून फाटली, की तिची टोकं आक्रसून आत ओढली जातात, फाटक्या कडांना रक्तातल्या प्लेटलेट चिकटतात, गुठळी होते आणि वाट बंद. स्वच्छ कापलेली नळी मात्र उघडी राहते. म्हणजे बोथट पातं जनावराला वेदना पुरेपूर देतं, पण मारतही नाही आणि माग काढण्यापुरतं रक्तही जमिनीवर सांडू देत नाही. याहून वाईट शिकार दुसरी नाही.

कळवणकडच्या एका म्हाताऱ्या भिल्लबाबांकडून मी हे ऐकलं होतं, त्यांना प्लेटलेटचं नावही ठाऊक नसताना. बांबूचा कामठा, त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. पाखरांसाठी बोथट लाकडी टोकाचा तीर, कारण पाखराला नुसता टोला पुरतो. मोठ्या जनावरासाठी चपटं लोखंडी पातं, तेही घासून घासून धारेला आणलेलं. तीर लागला की लगेच मागं धावायचं नाही, ते म्हणायचे, तंबाखू मळत बसायचं. कारण पाठलाग झाला की भेदरलेलं जनावर पळत सुटतं, आणि सोडून दिलं तर जवळच कुठंतरी बसतं. मग उठायचं आणि रक्त वाचायचं: गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुसाला लागलं, रक्तात हवा मिसळली, जनावर लांब नाही, काळपट लाल असेल तर काळजाला, म्हणजे यकृताला लागलं, अजून थांबा, पातळ, हिरवट आणि घाण वासाचं असेल तर पोट फुटलं, आज फार चालावं लागणार.

पण मग पातं रुंदच का करू नये? कारण रुंद पातं जितकं जास्त चिरतं तितका जोर खातं, आणि कामठ्यात जोर मोजकाच. बाण अर्ध्यात अडकला, त्यातून झाडावरच्या मचाणावरून मारलेला असला, तर जखमेचं तोंड वर राहतं, रक्त छातीच्या पोकळीतच साठतं, पळताना कातडं सरकून भोक झाकलं जातं आणि जमिनीवर थेंब पडत नाही. आरपार गेलेल्या बाणाचं खालचं भोक मात्र रक्ताला वाट देतं. परदेशात परवान्यानं धनुष्यबाणाची शिकार चालते तिथं दोन पात्यांची, तीन पात्यांची, लागताच उघडणारी अशी टोकं मिळतात, आणि सगळ्यांचा हिशेब हाच: किती रुंद चिरायचं आणि किती खोल जायचं.

हा हिशेब लोखंडाच्याही आधीचा, दगडी पात्यांच्या काळापासूनचा आहे. आपली ही काळी कातळं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची; त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि त्या पुढं गारगोटी-अकिकानं भरल्या. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा पोकळ्यांतलं वैभव मांडलेलं आहे. गारगोटीला लाकडासारखे तंतू नसतात, म्हणून नेमका घाव बसला की काचेसारखी कपची उडते, आणि त्या कपचीची धार विलक्षण पातळ. १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशकात गोदाकाठी मातीची गढी खणली, तेव्हा तळाच्या थरांत सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या माणसांची अशी इवली दगडी पाती निघाली. ती माणसं शेती करायची, त्यामुळं पातं सुरीचं, विळ्याचं की बाणाचं, हे प्रत्येकाबाबत सांगता येत नाही. पण अशी पाती राळेनं बाणाला कशी चिकटवायचे, ते स्वीडनमधल्या लोशुल्टच्या दलदलीत मिळालेल्या बाणावर दिसतं: एक टोकाला, एक कडेला, म्हणजे आत शिरायलाही धार आणि जखम रुंदावायलाही धार.

आणि तरी नेम चुकला की धार काय करणार? डेन्मार्कमध्ये प्रेयलेरुपला १९८३ साली एका रानबैलाचा सांगाडा मिळाला, हजारो वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्याबरोबर अशी १५ दगडी पाती. एवढे बाण खाऊनही बैल निसटला, पाण्यात शिरला आणि तिथंच मेला. मारणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही.

आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, ते फार बरं झालं. येवल्याकडं ममदापूरला काळविटं अजून उड्या मारतात ती त्यामुळंच. तेव्हा तीर नको, पण नजर ठेवा. नदीकाठी किंवा नांगरटीत गारगोटीचं एखादं पातं दिसलं, दोन्ही कडा सरळ, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, तर खिशात घालू नका. जागा नीट लक्षात ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवा, कारण ते कोणत्या थरात, कशाशेजारी पडलं होतं, त्यावरूनच ते विळ्याचं होतं की बाणाचं, हे कधीतरी उमगेल.