जागा बदलली, हात अडला

घरातल्या मोठ्या माणसांची परवानगी काढून एक प्रयोग करून पाहा. भिंतीवरचे घड्याळ काढा आणि समोरच्या भिंतीवर लावा. जुना खिळा मात्र तसाच राहू द्या. मग वही-पेन्सिल घेऊन बसा आणि त्या रिकाम्या खिळ्याकडे कोण किती वेळा पाहते याची नोंद ठेवा. घड्याळ हलवल्याचे सर्वांना माहीत असते. एखाद्याने तर ते हलवताना स्टूलही धरलेले असते. तरीही किती वाजले हे पाहायचे म्हटले की मान जुन्या भिंतीकडेच वळते. रोजच्या चुका मोजून त्यांचा आलेख काढा. काही दिवसांनी तो खाली उतरेल. पण एखादे दिवशी, कोणी घाईत असताना, पुन्हा वर उसळी मारील.

आता घरातून बाहेर पडून बिडकीनला जाऊ या. छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागले की हे मोठे गाव लागते. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्रामुळे त्याचे नाव दूरवर गेले आहे, पण आपल्याला कारखान्यात जायचे नाही. अशी कल्पना करा, की आपण तिथल्या बाजारपेठेतील एका ऑनलाइन सेवा केंद्रात उभे आहोत. दिवस प्रवेशाचे आहेत. रांगेत नुकतीच दहावी झालेली एक मुलगी आहे आणि तिला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज भरायचा आहे. केंद्र चालवणाऱ्या काकांनी बरीच वर्षे विंडोज ७ वर काम केले. तो संगणक थकला, म्हणून त्यांनी विंडोज ११ असलेला नवा घेतला. मुलीचे नाव मराठीत भरायचे आहे, आणि नव्या संगणकाला मराठी कळफलक जोडायचाच राहिला आहे.

काकांनी हे काम आजवर कितीतरी वेळा केले आहे. त्यांचा हात पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात जातो. तिथे 'स्टार्ट'चे बटण नाही. ते मध्यभागी सरकले आहे. ते 'कंट्रोल पॅनेल' शोधून काढतात आणि त्यात 'रीजन' ही खिडकी उघडतात. खिडकी ओळखीची आहे, पण कळफलकाचा जुना विभाग तिच्यात नाही! एका लहानशा ओळीवर टिचकी मारली की 'सेटिंग्ज' नावाचे निराळेच दालन उघडते. काका थबकतात. रांगेतला कोणी तरी पुटपुटतो, "यांना कॉम्प्युटर येत नाही वाटतं." मुलगी घड्याळाकडे पाहते. शेवटी मागे उभा असलेला एक मुलगा पुढे होतो आणि पाच-सहा टिचक्यांत मराठी कळफलक जोडून देतो.

काकांना संगणक येत नव्हता का? की त्यांना तो फार चांगला येत होता?

याचे उत्तर एका रुग्णाने दिले आहे. हेन्री मोलेसन हा अमेरिकन तरुण अपस्माराने बेजार झाला होता. १९५३ मध्ये शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही भाग काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले, पण त्यानंतरची नवी घटना त्याच्या लक्षात राहीना. समोरचा माणूस बाहेर जाऊन परत आला की तो त्याला नवखा वाटे. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिले : कागदावर चांदणीची दुहेरी रेघ आहे, त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, मात्र कागदाकडे न पाहता, आरशातल्या प्रतिमेकडे पाहून. आरशात पाहून रेघ ओढणे किती अवघड असते ते तुम्ही करून पाहाच. मोलेसन दिवसागणिक सुधारत गेला. तिसऱ्या दिवशी त्याचा हात सफाईने फिरू लागला. पण हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्याला मुळीच आठवत नव्हते!

म्हणजे स्मृती एकच नसते. 'पैठण गोदावरीच्या काठी आहे' हे लक्षात ठेवणारी स्मृती निराळी आणि सायकल चालवण्याची स्मृती निराळी. दुसऱ्या प्रकारात अनुमस्तिष्क आणि मेंदूच्या खोल भागातील काही केंद्रे यांचा मोठा वाटा असतो. ही स्मृती शब्दांत मांडता येत नाही. तुमच्या आईला मिसळणाच्या डब्यात हळद कुठे आहे असे विचारा. ती क्षणभर थांबेल. फोडणी तडतडत असताना मात्र तिचा चमचा न पाहता नेमक्या वाटीत जाईल. (वाट्यांची अदलाबदल करण्याचा प्रयोग करू नका. त्याचा परिणाम जेवणावर होतो.)

काकांच्या डोक्यात कळफलक जोडण्याचा मार्ग नावांच्या यादीसारखा साठवलेला नव्हता. तो हातात होता : कोपरा, वर, उजवीकडे, खाली. अशा मार्गाला विचार करावा लागत नाही. म्हणून तो जलद, आणि जागा हलली की म्हणूनच निरुपयोगी. शिवाय तो नुसता निरुपयोगी होत नाही, तर आडवा येतो. त्या मुलाच्या हाताला जुनी वाट ठाऊकच नव्हती, त्यामुळे तो पडद्यावरची नावे वाचत गेला. काकांना आधी हात आवरायचा होता आणि मग वाचायचे होते. जुने शिक्षण नव्या शिक्षणाला अडथळा करते, याला मानसशास्त्रात 'नकारात्मक संक्रमण' म्हणतात. रांगेतल्या माणसाने पाहिले ते अज्ञान नव्हते. ती पक्क्या झालेल्या कौशल्याची दुसरी बाजू होती.

हे एवढेसे काम गेल्या पंचवीस वर्षांत किती वेळा घर बदलत गेले ते पाहा. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ते कंट्रोल पॅनेलमध्ये असे आणि देवनागरीसाठी बहुधा मूळ सीडीही घालावी लागे. २००९ च्या विंडोज ७ मध्ये ते कंट्रोल पॅनेलमध्येच, पण वेगळ्या नावाच्या खिडकीत गेले. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये 'लँग्वेज' असे स्वतंत्र चित्र आले. २०१५ च्या विंडोज १० मध्ये सेटिंग्जचे दालन आले आणि काही काळ दोन्ही दारे उघडी होती. पुढे जुने बंद झाले. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये सेटिंग्जची मांडणीच पुन्हा बदलली. प्रत्येक वेळी काम तेच : मराठी अक्षरे उमटवणे.

मग बनवणारे हा उद्योग का करतात? त्यांचीही बाजू आहे. कंट्रोल पॅनेल १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून आहे. त्यात वर्षानुवर्षे लहान लहान स्वतंत्र आज्ञावल्यांची भर पडत गेली, जसे जुन्या वाड्याला मागून खोल्या जोडाव्यात तसे. ते सारे माऊसच्या बारीक टोकासाठी आखलेले होते. बोटाने दाबायच्या पडद्यावर त्यातली बटणे फार चिमुकली ठरतात. नवे दालन बांधणे म्हणूनच रास्त होते. माझ्या मते चूक आहे ती अर्धवट घरबदलात. २०१२ पासून दोन्ही दालने शेजारी शेजारी उभी आहेत. काही कामे इथे, काही तिथे. सरळ नवे घर माणूस शिकतो. पण अर्धे सामान जुन्या घरात असले की प्रत्येक वेळी कुठे जायचे हाच प्रश्न पडतो आणि हाताला सवय लागायला स्थिर जागाच मिळत नाही. लोकांचा राग बनवणाऱ्यांपर्यंत पोचतो, हेही खरे. विंडोज ८ मधून स्टार्टचे बटण काढले होते. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत ते परत आणावे लागले.

मराठी लिहिणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. टंकलेखन यंत्रावर 'किल्ली' हा शब्द कसा उमटत असे? आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क. कारण कागद डावीकडे सरकत जाई आणि वेलांटी तर अक्षराच्या आधी येते. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये पुढे आणलेल्या आणि १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक ठरलेल्या 'इनस्क्रिप्ट' रचनेत उच्चाराचा क्रम धरला : आधी क, मग वेलांटी. स्वर डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे. क च्याच कळीवर शिफ्टसह ख. ही रचना सुबोध आहे आणि भारतातील अनेक लिप्यांना सारखीच लागू पडते. पण मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा यंत्रावर उत्तीर्ण झालेल्या टंकलेखकाचे बोट प्रत्येक वेलांटीला आधी उठत असे. ज्या वेगावर त्याला नोकरी मिळाली, तोच वेग त्याला चुकवू लागला. म्हणूनच जुन्या यंत्राप्रमाणे चालणारे कळफलकही संगणकावर ठेवावे लागले. २०१९ मध्ये विंडोज १० मध्ये, रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवण्याचा ध्वन्यात्मक कळफलकही आला.

जुनी वाट न मोडता नवी काढता येते, याचे एक उदाहरण तुमच्या शाळेच्या संगणकावरच आहे. मराठी आणि इंग्रजी कळफलकांची अदलाबदल पूर्वी डावीकडच्या आल्ट आणि शिफ्ट या कळा एकदम दाबून होत असे. विंडोज ८ पासून विंडोज-कळ आणि स्पेस ही नवी जोडी आली. जुनी काढली नाही. तुमच्या संगणकावर दोन्ही चालतात का ते पाहा, आणि तुमचे शिक्षक न बघता कोणती दाबतात तेही टिपून ठेवा.