जुने पाठ्यपुस्तक आणि दोन कादंबऱ्या

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या ग्रंथालयासाठी पुस्तके निवडण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या काही इंग्रजी कादंबऱ्या मी सलग वाचून काढल्या. इंग्रजीत या प्रकाराला ‘यंग अ‍ॅडल्ट’ असे नाव आहे. परीकथांचे वय सरले, पण मोठ्यांच्या जगात अजून कोणी विचारीत नाही, अशा वाचकांसाठी हे लेखन असते आणि कथा सांगणारे पात्रही बहुधा त्याच वयाचे असते. त्यांपैकी दोन कादंबऱ्यांत मला एक प्रसंग जवळजवळ सारखाच आढळला. दोन्हीकडे एका मुलाच्या हाती जुने पाठ्यपुस्तक येते आणि ते मूल ते फेकून देते.

पहिली कादंबरी मिल्ड्रेड टेलर यांची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’. ती १९७६ साली प्रसिद्ध झाली व पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळाले. काळ १९३३चा, स्थळ अमेरिकेतील मिसिसिपी राज्य. कृष्णवर्णीयांची शाळा वेगळी, गोऱ्यांची वेगळी. गोऱ्यांच्या मुलांना बस आहे. ही मुले चिखल तुडवीत पायी जातात. नऊ वर्षांची कॅसी कथा सांगते. तिचा धाकटा भाऊ सहा वर्षांचा, त्याला घरात ‘लिटल मॅन’ म्हणतात आणि त्याला स्वच्छतेची विलक्षण आवड. बाई मोठ्या कौतुकाने पुस्तके वाटतात. त्याच्या वाट्याला मळलेले पुस्तक येते. दुसरे मागितले तर मिळत नाही. मग तो आतील पान उघडतो. तेथे एक तक्ता असतो: पुस्तक कोणत्या साली दिले, त्याची स्थिती कशी होती आणि घेणारा कोणत्या वंशाचा होता. पुस्तक नवे असल्यापासून ते झिजेपर्यंत अकरा नोंदी गोऱ्या मुलांच्या. ‘अत्यंत वाईट’ अशा स्थितीला पोहोचल्यावर बारावी नोंद कृष्णवर्णीय मुलाची, तीही अवमानकारक शब्दाने केलेली. लिटल मॅन पुस्तक जमिनीवर फेकतो आणि त्यावर पाय आपटतो. त्याची बाजू मांडणाऱ्या कॅसीलाही त्याच्याबरोबर छडी खावी लागते. छडी मारणाऱ्या बाई त्यांच्याच समाजातील आहेत, हे विसरता कामा नये.

मुलांची आई त्याच शाळेत शिक्षिका असते. ती भांडत नाही. मुलांच्या पुस्तकांतील तो तक्ता ती कागद चिकटवून झाकून टाकते. पुढे तिची नोकरी जाते, तेव्हा तिच्यावरील आक्षेपांत हा कागदही असतो. दुसरा आक्षेप असा, की गुलामगिरीचा जो इतिहास पाठ्यपुस्तकात नाही तो ती शिकवते.

दुसरी कादंबरी शर्मन अलेक्सी यांची, ‘द अ‍ॅब्सोल्युटली ट्रू डायरी ऑफ अ पार्ट-टाइम इंडियन’ (२००७). येथील मुलगा, ज्युनियर, अमेरिकेतील मूलनिवासी जमातीचा असून रिझर्व्हेशनवर राहतो. हा शब्द वाचून आपल्याकडील आरक्षण आठवेल, पण येथे अर्थ वेगळा आहे: जमातीसाठी राखून ठेवलेला, दारिद्र्याने वेढलेला प्रदेश. भूमितीच्या तासाला त्याला पुस्तक मिळते आणि त्यावर त्याच्या आईचे माहेरचे नाव लिहिलेले असते. आई ज्या पुस्तकातून शिकली, तेच तीस वर्षांनी मुलाच्या हातात! तो ते भिरकावतो आणि ते शिक्षकांच्या तोंडावर बसते. शिक्षक त्याला क्षमा करतात व सांगतात, येथून निघून जा. तो बावीस मैलांवरील गोऱ्यांच्या शाळेत नाव घालतो आणि त्याचा जिवलग मित्र राउडी त्याला गद्दार ठरवतो.

मला ही दुसरी कादंबरी अधिक बोचली. मी आठवीत असताना सुट्टीत गावी गेले, की माझी चुलत बहीण माझ्या ‘शाळेच्या’ बोलण्याची नक्कल करीत असे. मी हसत असे. तिची शाळा सातवीनंतर सुटली होती, याचा विचार मी तेव्हा केला नाही. येथील पुष्कळ माजी विद्यार्थ्यांच्या आयुष्यात असा एखादा राउडी असेल. अलेक्सी त्याला खलनायक करीत नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

एका पालकांनी मला विचारले, “बाई, आमच्या मुलांनी दुःख पुरेसे पाहिले आहे, मग वाचनातही तेच कशाला?” प्रश्न रास्त आहे. परंतु ही पुस्तके रडकी नाहीत. ज्युनियर व्यंगचित्रे काढतो, स्वतःचीही टर उडवतो. आणि चिखल उडवणाऱ्या बसची कॅसी व तिची भावंडे जी गंमत करतात, ती वाचून कोणतेही मूल टाळी देईल. आपल्याकडे ‘बलुतं’ किंवा ‘आठवणींचे पक्षी’ यांसारखी समर्थ आत्मकथने आहेत, पण ती मोठेपणी मागे वळून लिहिलेली. लेखक त्यातून तरून आला, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. कॅसीचे पुढे काय होणार, हे वाचणाऱ्या मुलीला ठाऊक नसते. तिच्या स्वतःच्या बाबतीतही तेच असते.

आम्हालाही वसतिगृहात जुनीच पुस्तके मिळत. पहिल्या पानावर आधीच्या ताईंची नावे, आणि कठीण गणिताशेजारी कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेली रीत. ते पुस्तक फेकावे असे कधी वाटले नाही. कारण उघड आहे: त्या यादीत स्थितीचा आणि वंशाचा रकाना नव्हता.

शनिवारी सायंकाळी सातवीच्या मुलींना मी कॅसीची गोष्ट मराठीतून सांगितली. आईने कागद चिकटवला येथवर आले, तेव्हा एकीने विचारले, “मॅडम, तो कागद नंतर सोलून काढला तर खालचे वाचता येईल ना?” त्यावर वर्गात दोन तट पडले. काहींच्या मते झाकले ते उत्तम झाले. काहींच्या मते तक्ता तसाच ठेवून खाली आपले नाव लिहायला हवे होते. जेवणाची घंटा झाली तरी वाद मिटला नव्हता.