पहारेकऱ्याच्याच पोटात बिऱ्हाड

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी ठेवली होती. एका फुगलेल्या पेशीत दहा-बारा जांभळे ठिपके. मी लगेच म्हटलं, "सर, पेशीनं जंतू गिळले, म्हणजे रोगी वाचला!" सर हसले. "अगं, ते मेलेले नाहीत. तिथं वाढताहेत."

तो काळा आजार होता. बिहार-बंगालकडचा हा रोग. पण नाव असं की आपल्याकडेही अर्थ सांगावा लागत नाही. लांबलेला ताप, फुगलेली प्लीहा, खंगलेलं अंग. परजीवीचं नाव लीशमॅनिया डोनोव्हानी. त्यातले डोनोव्हान मद्रासचे डॉक्टर. 1903 साली रोग्याच्या प्लीहेत त्यांना हे जीव दिसले.

वालुमाशी चावते तेव्हा हा जीव लांबट असतो, त्याला शेपटी असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी (माझी नात शाळेतल्या कन्नडात 'बिळी रक्तकण' म्हणते) काही भक्षक असतात, आल्या जंतूला गिळणाऱ्या. हा पळत नाही, स्वतःला गिळू देतो! तेही अशा दारानं, की पेशीनं विषारी रसायनांचा मोठा मारा करू नये. गिळलेलं पचवायला पेशीत आम्लाची पिशवी असते. अंगावरच्या शर्करायुक्त लेपामुळे तिथला हल्ला थोडा लांबतो. तेवढ्यात आम्ल आणि अंगातली ऊब हीच त्याला रूप पालटायची खूण ठरते. शेपटी आखडते, तो गोल होतो आणि त्याच पिशवीत, तिथलंच अन्न खाऊन, दुणावत राहतो. शिवाय पेशीनं इतरांना द्यायची धोक्याची सूचनाही तो दाबतो.

गिळायच्या या खोडीचाच उपयोग पुढे डॉक्टरांनी केला. ॲम्फोटेरिसिन हे औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून शिरेतून देतात. भक्षक पेशी त्या गोळ्या हावरटासारख्या गिळतात आणि औषध थेट बिऱ्हाडात पोचतं. दर तालुक्यात 10,000 माणसांमागे एकाहून कमी रोगी, हे उद्दिष्ट भारतानं 2023 अखेर गाठलं.

तरी बऱ्या झालेल्या काहींच्या कातडीत हे जीव उरतात. महिन्यांनी, कधी वर्षांनी, चेहऱ्यावर फिकट डाग उठतात. ना ताप, ना वेदना. कुष्ठरोग समजून माणूस ते लपवतो, आणि वालुमाशी त्याच्याकडून जंतू उचलून शेजारच्या घरी नेऊ शकते. म्हणून धडधाकट दिसणाऱ्या त्या माणसाला बारा आठवडे मिल्टेफोसिनच्या गोळ्या घ्यायला लावाव्या लागतात.