आधी कान, मग पाना

कवी माणूस मोटारीच्या इंजिनावर बोलणार म्हटल्यावर आमच्या कवठे येमाईच्या पारावर हशा पिकला असणार. 'बीए मराठीतून केलं आणि हा कार्बुरेटरवर बोलणार!' पण श्रोतेहो, मात्रा चुकली की ओळ अडखळते, तसा ठोका चुकला की इंजिन अडखळतं, एवढं मी शिकलो आहे. शिकवणी मात्र महागात पडली.

१९९७ सालचा मे महिना. अब्बांनी जुनी विकत घेतलेली पांढरी प्रीमियर पद्मिनी आमच्या दारात उभी असे. भर दुपारी माझ्या पत्नीला कळा सुरू झाल्या. अम्मीला तिच्याजवळ मागे बसवून मी शिरूरच्या दवाखान्याकडे निघालो. मलठणच्या पुढं एका चढावर गाडीनं दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली. स्टार्टर फिरत होता, इंजिन काही धरत नव्हतं. मी घाबरलो. बॉनेट उघडलं आणि हाताला लागेल ते फिरवत सुटलो. कार्बुरेटरचे स्क्रू पिळले, प्लगच्या वायरी उपसून पुन्हा खोचल्या, डिस्ट्रिब्यूटर सैल करून इकडं-तिकडं हलवला. अर्धा तास गेला. शेवटी कांद्याचा एक टेम्पो थांबला. चालकानं केबिनमध्ये दोघींना जागा करून दिली. तिसऱ्याला जागा नव्हती.

संध्याकाळी मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या. पण तिच्या कानात अजान द्यायला बाप पोचला, तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते.

त्या दिवशी उन्हं कलल्यावर गावातले मिस्त्री एसटीनं आले. त्यांनी आधी पान्याला हात लावलाच नाही. विचारलं, "बंद कशी पडली? एकदम, का आचके देत?"

"आचके देत."

"ऊन होतं, चढ होता?"

"होता."

"मग पंपावर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं सावलीला बसायचं होतंस. आता तू केलेले बिघाड आधी काढावे लागतील."

झालं होतं ते असं. या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनालाच जोडलेला असतो आणि इंजिनच्याच जोरावर चालतो. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून कार्बुरेटरला देतो. कडक उन्हात, चढावर इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रव ओढता येतो, वाफेपुढं तो हतबल होतो. मिस्त्री लोक याला 'व्हेपर लॉक' म्हणतात. हा कोण्या एका कंपनीचा दोष नव्हे. अशी रचना असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला उन्हाळ्यात हे होऊ शकतं. उपाय एकच, पंप आणि नळी थंड होऊ देणं. मात्र तापल्या इंजिनावर बादलीभर पाणी ओतू नका, बीड तडकेल. रेडिएटरचं झाकणही गरम असताना उघडू नका, हात-तोंड भाजतं.

इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात, असं मिस्त्रींनी त्या दिवशी मला समजावलं. ठिणगी, हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण आणि ते दाबून धरणारा दाब. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. त्यात ठिणगी १-३-४-२ या क्रमानं पडते. मी वायरी खोचताना ३ आणि ४ ची अदलाबदल केली होती. डिस्ट्रिब्यूटर हलवल्यानं ठिणगीची वेळही बिघडली होती. गाडीचा बिघाड पंधरा मिनिटांचा, माझा दोन तासांचा.

तेव्हा क्रम असा ठेवावा. प्रथम ठिणगी. निळी, कडक ठिणगी चांगली. पिवळी, मरतुकडी असेल तर कॉन्टॅक्ट पॉइंट आणि कंडेन्सर पाहावा. पॉइंट काजळले असतील तर बारीक पॉलिश पेपरनं पुसावेत. त्यांच्यातली फट साधारण अर्धा मिलिमीटर, किंचित कमीच. ही तपासणी करताना जवळपास पेट्रोल सांडलेलं नसावं. मग पेट्रोल कार्बुरेटरपर्यंत येतं का, ते पाहावं. दाबाची तपासणी शेवटी, आणि ती मिस्त्रीकडूनच.

प्लग काढून पाहिला तर तो बरंच सांगतो. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, किंवा चोक अडकलेला. तेलकट ओलेपणा म्हणजे रिंगा झिजल्याची शंका. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन जादा तापतंय. धुराचंही तसंच. काळा धूर पेट्रोलचा, निळा जळणाऱ्या ऑइलचा. पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. हिवाळ्यात सकाळी थोडी वाफ निघते, तिला घाबरू नये.

आणि सगळ्यात मोठा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. चार स्क्रू एकदम फिरवले, तर कशानं सुधारलं आणि कशानं बिघडलं, हे कळायला मार्गच उरत नाही.

वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी आता बनत नाही. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमची अजून आहे. पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते, तीही मी करतो. आता नवं दुखणं आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं. आमच्या घोड-कुकडीच्या पट्ट्यातल्या उसाला त्याचा आधार आहे, त्याला मी नावं कशी ठेवू? पण जुन्या गाडीतले रबरी भाग, म्हणजे नळ्या आणि पंपाचा पडदा, इथेनॉलनं फुगतात, चिरतात. ते वेळेवर तपासून इथेनॉलला टिकणारे बसवून घ्यावेत. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला, तर आधी गळती शोधा, स्टार्टर मारू नका.

मुलगी आज स्वतः गाडी चालवते. तिच्या नव्या गाडीतला संगणक बिघाडाचा क्रमांक दाखवतो. पण तो क्रमांक म्हणजे मिस्त्रींचा पहिला प्रश्न आहे, उत्तर नव्हे. पुढची चौकशी माणसालाच करावी लागते.

त्या दुपारची गोष्ट निघाली की पत्नी अजूनही म्हणते, "गाडीचं काय घेऊन बसलात? तिच्यापेक्षा जास्त तर तुम्हीच तापला होतात."

ते मात्र खरं आहे.