वॉशिंग्टनमधील ‘स्पेस विंडो’
वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमधील, रॉडनी विनफील्ड यांनी रचलेली आणि 1974 मध्ये समर्पित झालेली ‘स्पेस विंडो’ ही खिडकी खगोलविषयक काचचित्राचा ठळक नमुना होय. अशा चित्रातील रंग प्रामुख्याने काचेच्या अंगचाच असतो. वितळलेल्या काचेत धातूंची ऑक्साइडे मिसळून, उदाहरणार्थ गडद निळ्यासाठी कोबाल्टचे, तो आणला जातो. पूर्ण आकाराच्या आराखड्यानुसार कापलेले तुकडे पारंपरिक पद्धतीत दोन्ही कडांना खाच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत बसवतात आणि पट्ट्यांचे सांधे कथील-शिशाच्या मिश्रधातूने डाखतात. उजेडासमोर या पट्ट्या काळ्या रेघा होऊन दिसतातच, म्हणून जाणता कारागीर त्यांनाच रेखाटन मानतो.

विनफील्ड यांनी गडद अवकाशात रंगीत गोल मांडून यानाचा मार्ग बारीक पांढऱ्या रेषेने सुचवला आहे, आणि मोठ्या लाल गोलात, नायट्रोजन भरलेल्या हवाबंद कुपीत, अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी आणलेल्या चंद्रावरील बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या खडकाचा, सुमारे 7 ग्रॅमचा तुकडा बसवला आहे. खालून तो जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो, हे खरे. परंतु पृथ्वीवरील दमट, प्राणवायुयुक्त हवेने त्यातील लोह गंजू नये, यासाठी ही कुपी आवश्यक ठरते.