कोणत्या गटात उतरावे?

मोटार वेगाने हाकण्याची हौस ज्याला आहे, त्याला ती हमरस्त्यावर, म्हणजे इतरांचा जीव धोक्यात घालून, पुरी करण्याचा कसलाही अधिकार नाही. आणि हे एकदा मनापासून मान्य केले, की त्याच्यापुढे जो सनदशीर मार्ग उरतो, तो शर्यतीसाठी बांधलेल्या बंदिस्त धावमार्गावर दिवसाचे शुल्क भरून स्वतःच्याच मोटारीसह उतरण्याचा होय. अशा दिवसाला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. तेथे शर्यत नसते, क्रमांक लागत नाहीत, बक्षिसे वाटली जात नाहीत, आणि अनेक संस्था तर फेरीचा वेळ घड्याळाने मोजण्यासही मनाई करतात. ही प्रथा अमेरिकेत चांगलीच रुजली आहे. १९५५ साली स्थापन झालेला पोर्शे क्लब ऑफ अमेरिका, १९६९ सालचा बीएमडब्ल्यू मालकांचा क्लब, १९९१ साली निघालेली नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन, अशा संस्था वर्षभर निरनिराळ्या धावमार्गांवर हे दिवस भरवीत असतात, आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आपल्याकडच्या तरुण अभियंत्यांनाही सान होजेपासून फार दूर नसलेल्या लगुना सेका या धावमार्गाचे आकर्षण वाटल्यावाचून राहत नाही. भारतात चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा धावमार्ग, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही अशा हौसेची ठिकाणे असून, पुण्या-मुंबईचे हौशी लोक तेथवर मजल मारतात.

नावनोंदणीच्या अर्जात एक रकाना असतो, ‘तुमचा गट कोणता?’ हेल्मेट, टायर, ब्रेक यांविषयी पुष्कळ चौकशी करणारा मनुष्य हा रकाना मात्र क्षणार्धात भरून टाकतो. आणि माझे ठाम मत असे आहे, की त्या दिवसाची सुरक्षितता, त्यातले शिक्षण आणि त्यातला आनंद या तिन्ही गोष्टी इतर कोणत्याही तयारीपेक्षा याच एका उत्तरावर अधिक अवलंबून असतात.

चालकांचे असे गट पाडण्याची तजवीज मुख्यतः एका प्रश्नासाठी केलेली असते: कोणी कोणाला, कोठे आणि कोणत्या रीतीने ओलांडावे? धावमार्गावर सर्वच जण वेगात असतात. पण प्रत्येकाचा वेग निराळा असतो, आणि अपघाताचे बीज वेगापेक्षा वेगांतील तफावतीत असते. सरळ पट्ट्यावर एक मोटार ताशी १४० किलोमीटरने आणि तिच्यामागची २०० ने येत असेल, तर दोहोंमधले अंतर दर सेकंदाला सुमारे १७ मीटरने घटते. म्हणजे पुढच्या चालकाने तीन सेकंद आरशात पाहिले नाही, तर तेवढ्यात मागची मोटार ५० मीटर जवळ येऊन ठेपलेली असते. जर्मनीतील नुर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटर लांबीच्या उत्तर वळशावर पर्यटकांसाठी मार्ग खुला असतो तेव्हा गट नसतातच; नवखा आणि निष्णात, सारे एकत्र धावतात, आणि ओलांडणे फक्त डावीकडूनच व्हावे हा दंडक सर्वांवर सारखाच लागू असतो. त्या व्यवस्थेची कीर्ती मोठी आहे. तथापि नवशिक्याने तेथून आरंभ करावा असे मी कोणालाही सुचविणार नाही.

नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनने आपल्या चालक-शिक्षणाच्या चार पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिल्या गटात शेजारच्या आसनावर शिक्षक बसतो, आणि ओलांडण्याची मुभा नेमून दिलेल्या सरळ पट्ट्यांवरच, तीही पुढच्याने ‘पॉइंट-बाय’ दिल्यावरच, असते. पॉइंट-बाय म्हणजे खिडकीबाहेर हात काढून केलेली स्पष्ट खूण. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणून डावीकडे दाखविलेला हात ‘माझ्या डावीकडून जा’ असे सांगतो, आणि छपरावरून पलीकडे वळविलेला हात ‘उजवीकडून जा’ असे. मागे तीन मोटारी असतील तर खुणाही तीन कराव्या लागतात, कारण प्रत्येक परवानगी एकाच मोटारीपुरती असते. वरच्या गटांत शिक्षक उतरतो, ओलांडण्याच्या जागा वाढत जातात, आणि सर्वांत वरच्या गटात हे निर्बंध सर्वाधिक शिथिल होतात. ही शिथिलता बक्षीस म्हणून मिळालेली नसून, त्या गटातील प्रत्येकजण आपल्या मागेपुढे काय चालले आहे हे जाणतो, या गृहीतकावर ती उभी असते. ते गृहीतक एका मनुष्याने जरी खोटे ठरविले, तरी त्याचा भार उरलेल्या सर्वांवर पडतो.

लोक गट निवडताना जी मापे लावतात ती बहुधा चुकीची असतात. पहिले माप मोटारीच्या शक्तीचे. चारशे अश्वशक्तीची मोटार असलेला नवखा गृहस्थ स्वतःला मध्यम गटाचा समजतो, आणि मग असे होते, की सरळ पट्ट्यावर तो सर्वांना मागे टाकतो, वळणावर सर्वांची वाट अडवितो, आणि मागे एखाद्या हलक्या माझदा मियाटामध्ये बसलेला कसलेला चालक फेरीमागून फेरी त्याच्या खुणेची वाट पाहत राहतो. पट्ट्यावर आपण त्याच्या पुढे पळतो, म्हणजे आपण त्याच्याहून वेगवान आहोत, अशी त्या गृहस्थाची प्रामाणिक समजूत असते. दुसरे माप रस्त्यावर मोटार हाकल्याच्या वर्षांचे. परंतु वीस वर्षे रस्त्यावर काढलेल्या मनुष्यानेही टायरची पकड संपण्याच्या सीमेवर मोटार कधी नेलेली नसते, आणि नेऊही नये. तिसरे माप मित्रांचे: ते ज्या गटात, त्याच गटात आपण. हे तर सर्वांत घातक, कारण ज्याच्याबरोबर सकाळी चहा घेतला त्याच्या पाठोपाठ राहण्याचा मोह दुपारपर्यंत आवरत नाही.

मग खरे माप कोणते? माझ्या मते, मोटार हाकून झाल्यावर तुमच्यापाशी शिल्लक राहणारे अवधान. नवख्या मनुष्याचे सगळे चित्त ब्रेक कोठे दाबावा, सुकाणू केव्हा वळवावे, गिअर कोणता, यांतच खर्ची पडते; आरशासाठी आणि मार्गाच्या कडेला झेंडे घेऊन उभ्या असलेल्या माणसांसाठी त्याच्यापाशी काही उरत नाही. म्हणून आपल्या गटाची धावमार्गावरची पाळी संपवून परतल्यावर स्वतःला विचारावे: धोक्याचा पिवळा झेंडा कोणत्या चौकीवर दिसला होता? मागची मोटार मला ती अगदी टेकल्यावर दिसली, की दोन वळणे आधी? ब्रेक दर फेरीस त्याच ठिकाणी दाबला, की प्रत्येक वेळी निराळ्या? ज्याला याची उत्तरे अडखळल्यावाचून देता येतात तो वरच्या गटाचा विचार करण्यास पात्र आहे. ज्याला देता येत नाहीत त्याचा वेग कितीही असो, त्याचे स्थान अजून खालीच आहे.

यामागे भौतिकशास्त्राचाही आधार आहे. टायरपाशी पकडीचा एक मर्यादित साठा असतो. त्यातूनच ब्रेक आणि वळण या दोन्ही गरजा भागवाव्या लागतात. वळणाच्या ऐन मध्यावर, पकड सीमेला पोहोचलेली असताना, आरशात अकस्मात मोठी मोटार दिसल्यामुळे दचकून ज्याने अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, त्याच्या मोटारीचा भार पुढच्या चाकांवर जातो, मागची चाके हलकी होतात, आणि ती गिरकी घेते. आपल्या कुवतीपलीकडच्या गटात ही दचक वारंवार वाट्याला येते. शिवाय गतिजन्य ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी १०० ऐवजी १४० किलोमीटरने भिंतीकडे निघालेली मोटार जवळजवळ दुप्पट ऊर्जा घेऊन निघालेली असते.

गट एकदा मिळाला म्हणजे तो कायमचा हक्क झाला, असेही समजू नये. धावमार्ग नवा असेल, मोटार नवी असेल, पाऊस पडत असेल, किंवा मध्ये वर्षभराचा खंड पडला असेल, तर एक पायरी खाली उतरणे हाच शहाणपणा. लगुना सेकाचे ‘कॉर्कस्क्रू’ नावाचे सुप्रसिद्ध वळण घ्या. तेथे चढ चढून माथ्यावर पोहोचेपर्यंत पलीकडचा रस्ता दिसतच नाही, आणि माथ्यानंतर सुमारे १३७ मीटरांत तो १८ मीटर खाली कोसळतो. इतरत्र प्रवीण असलेल्या चालकालाही तेथे पहिल्या काही फेऱ्यांत न दिसणाऱ्या रस्त्यावर विश्वास ठेवून सुकाणू फिरवावे लागते. अशा वेळी मागून कोणी घाई करणारे नसणे हे केवढे सुख आहे! थकव्याचेही असेच: दुपारच्या शेवटच्या पाळीत अवधान आटत आलेले असते, आणि ती पाळी सोडून देणाऱ्याचे काहीही बिघडत नाही.

गरजेपेक्षा खालच्या गटात राहणे हाही दोषच. मुरलेला चालक नवशिक्यांत मिसळला, की तो अधीर होतो, खुणेसाठी मागे चिकटतो, आणि ज्यांना शांतपणे शिकायचे आहे त्यांचे अवधान हिरावून घेतो. म्हणूनच अनेक संस्थांत वरच्या गटाची मंजुरी शिक्षकाने सोबत बसून परीक्षा घेतल्याखेरीज मिळत नाही. हे शिक्षक पुष्कळ क्लबांत विनावेतन काम करतात. अनोळखी माणसाच्या शेजारी, स्वतःच्या पायाखाली ब्रेक नसताना, केवळ शब्दांच्या बळावर त्याला सावरून आणणाऱ्या या लोकांविषयी मला अपार आदर वाटतो, आणि त्यांनी ‘अजून नको’ म्हटले तर ते निमूटपणे मानावे.

बाकीची तयारी थोडक्यात सांगता येते. ब्रेकचे द्रवतेल ताजे असावे, कारण डॉट-४ जातीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असला, तरी ओलावा शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. विम्याच्या कराराची कलमे आधी वाचावीत. धावमार्गावरील नुकसान त्यांतून अनेकदा वगळलेले असते.

पहिल्यांदा जाणाऱ्या वाचकाला माझी विनंती इतकीच, की अर्जात सर्वांत खालचा गट लिहा आणि शिक्षक मागून घ्या. तो गट तुम्हाला खरोखरच अपुरा ठरला, तर संयोजकाशी बोलून जेवणाच्या सुट्टीनंतरही वर जाता येते.